ऊन अंगावर आल्यावर निघावे

हिवाळ्यात शहराबाहेर सायकलने फिरण्याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. काही पत्रे बरीच मोठी होती, त्यांचा गाभा तेवढा ठेवला आहे. उत्तरे इंदूर आणि त्याच्या भोवतालचा माळवा डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत, कारण गेली बावीस वर्षे माझी सायकल याच रस्त्यांवर चालते आहे.

प्रश्न : ताई, मी ६३ वर्षांचा निवृत्त गृहस्थ आहे. मुलाने हौसेने गिअरची सायकल आणून दिली आहे. रक्तदाबाची एक गोळी रोज घेतो, बाकी तब्येत चांगली आहे. कॉलनीतील मंडळी म्हणतात की सायकल चालवायची असेल तर पहाटे पाचलाच बाहेर पडले पाहिजे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तेवढ्या लवकर निघण्याचा धीर होत नाही. मग सायकल उन्हाळ्यापर्यंत तशीच ठेवावी का? (एक वाचक, राजेंद्रनगर)

उत्तर : मुळीच ठेवू नये. आपल्याकडे सायकलीचा खरा मोसम हाच आहे. फक्त पहाटे पाचची वेळ मनातून काढून टाकावी. ती वेळ उन्हाळ्याची आहे. एप्रिल-मे महिन्यांत नऊ वाजताच रस्ता तापू लागतो, म्हणून तेव्हा अंधारात निघणे शहाणपणाचे असते. तोच नियम जानेवारीला लावण्यात काहीच अर्थ नाही. जानेवारीच्या सुरुवातीला इंदुरात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे पाचला निघालेला माणूस दोन तास काळोखात आणि धुक्यात चालवतो, आणि ज्या शेतांसाठी शहराबाहेर जायचे ती त्याला दिसतही नाहीत.

आपल्यासाठी याहून महत्त्वाचे कारण रक्तदाबाचे आहे. थंडी लागली की शरीर आतली ऊब राखण्यासाठी त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आवळून घेते, त्यामुळे रक्तदाब चढतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. त्याच वेळी आपण पायडल मारू लागलो तर हृदयावर दोन्ही बाजूंनी भार येतो. शिवाय सायकलस्वार स्वतःचा वारा स्वतःच तयार करत असतो : हवेत १० अंश तापमान असेल आणि आपण ताशी २० किलोमीटर वेगाने जात असू, तर उघड्या कातडीला ती हवा साधारण ७ अंशांइतकी गार लागते. इंदुरात जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो, थंडीची लाट आली तर आणखी खाली जातो आणि दुपारी मात्र २५ च्या पुढे सरकतो. हे अंतर मोठे आहे, आणि नऊ वाजेपर्यंत थांबले की त्यातला बराचसा भाग आपोआप आपल्या बाजूने येतो.

तेव्हा डॉक्टरांना एकदा विचारून, औषधाच्या वेळा त्यांच्याकडून ठरवून घेऊन, साडेआठ-नऊला निघावे. आधी अंगणात पाच मिनिटे चालावे, हातपाय मोकळे करावेत, आणि सायकलीवर बसल्यानंतरची पहिली दहा मिनिटे हलक्या गिअरवर, बोलता येईल एवढ्याच वेगाने काढावीत. पहिला महिनाभर जाऊन-येऊन १५ किलोमीटर पुष्कळ झाले. छातीत जडपणा वाटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथेच उतरून बसावे आणि कोणाला तरी फोन करावा. ‘आता घर जवळच आहे’ म्हणून पुढे चालवत जाऊ नये.

कपड्यांविषयी एकच सांगते. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ थर घालावेत आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट असावे. आतला थर सुती नसावा, कारण सुती बनियन घामाने भिजले की थांबल्याक्षणी पाठीला गार पडते. घराबाहेर पाऊल टाकताना किंचित थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत असे समजावे. दारातच उबदार वाटत असेल तर दोन किलोमीटरवर घाम फुटणार. कान आणि बोटे मात्र झाकलीच पाहिजेत. आखडलेल्या बोटांनी ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. जुने सायकलपटू उतारावर छातीशी, जाकिटाच्या आत, वर्तमानपत्राची घडी खोचत असत. मी आजही खोचते, आणि त्याहून स्वस्त व उत्तम उपाय मला अजून सापडलेला नाही.

प्रश्न : मावशी, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे आजोबांची जुनी काळी सायकल आहे, गिअर नसलेली. मित्रांचे म्हणणे असे की गावाकडच्या रस्त्यांवर ही चालणार नाही, निदान चाळीस हजारांची तरी घ्यावी लागेल. हे खरे आहे का? (एक विद्यार्थी, सुदामानगर)

उत्तर : खरे नाही. माळवा पठार आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर असले तरी शहराच्या उत्तरेला आणि पश्चिमेला रस्ते मैलोन्‌मैल सपाट किंवा सौम्य चढउताराचे आहेत. आजोबांच्या सायकलीवर माणूस ताठ बसतो, त्यामुळे कुंपणापलीकडचे शेत नीट दिसते. वाकून चालवणाऱ्याला रस्त्याचे डांबर जास्त दिसते. दक्षिणेकडच्या घाटात गिअरची गरज पडेल, तिथे सध्या जाऊ नकोस.

चाळीस हजारांऐवजी दोन गोष्टींकडे लक्ष दे. पहिली ब्रेकचे रबर. ते झिजून गुळगुळीत झाले असेल तर बदल आणि पहाटेच्या दवाने रिम ओली असेल तेव्हा सुरुवातीला दोन-तीनदा हलकेच ब्रेक दाबून ती पुसून घे. दुसरी टायर. थंडीत हवेचा दाब उतरतो. तापमान १० अंशांनी घसरले की ५० पीएसआय भरलेल्या टायरमधले दोनएक पीएसआय कमी होतात, म्हणून दिवाळीत भरलेली हवा जानेवारीत पुरेशी असेल असे धरून चालू नये. निघण्याच्या दिवशी अंगठ्याने दाबून पाहावे.

आणि पंक्चर काढायला शीक, कारण शेतांच्या बांधांवर बाभळी आहेत आणि बाभळीचा काटा टायरमधून सरळ आत जातो. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट अगदी हळू, एका दिशेने फिरवायचे. काटा बाहेरून मोडलेला असतो, पण आत त्याचे मोहरीएवढे टोक राहिलेले असते आणि ते बोटालाच कळते. ते न काढता नवी ट्यूब घातली तर शंभर पावलांवर तीही बसते. आतून ढकलून, बाहेरून चिमट्याने ओढून तो काढावा.

एक गोष्ट मला अंगावर घेऊन शिकावी लागली, ती तुला फुकट देते. मावठा, म्हणजे हिवाळ्यातला अवकाळी पाऊस, पडून गेल्यावर दोन दिवस कच्च्या वाटेला जाऊ नकोस. काही वर्षांपूर्वी मावठ्याच्या दुसऱ्या दिवशी सांवेरच्या बाजूला मी एका गाडवाटेने आडवी निघाले. वरून वाट सुकलेली दिसत होती. पन्नास पावलांत काळी माती चाकाला धरू लागली, त्या मातीत काडीकचरा मिसळला, आणि मडगार्ड व टायर यांच्यामधली फट इतकी गच्च भरली की मागचे चाक फिरेनासे झाले. सायकल ढकलता येईना आणि उचलावी तर एरवीपेक्षा दुप्पट जड. बाभळीच्या काटकीने माती खरवडत पाऊण तास गेला, पुढे दहा पावलांत पुन्हा तेच. शेवटी एका शेतकरीबाबांनी गव्हाला सोडलेल्या पाण्याचा पाइप चाकावर धरला, तेव्हा कुठे सुटका झाली. आपली काळी माती पाणी धरून ठेवते म्हणूनच इथे गहू-हरभरा पिकतो. तिच्या त्याच गुणापुढे सायकल हरते.

प्रश्न : आम्ही दोघे पस्तिशीचे नवरा-बायको रविवारी सुपर कॉरिडॉरवर सायकल चालवतो. रस्ता रुंद आणि चांगला आहे, पण दोन्ही बाजूंना इमारतीच. आम्हाला शेते, तळी, गावे पाहायची आहेत. ४०-५० किलोमीटर चालवण्याची सवय झाली आहे. कोणत्या दिशेने जावे? (एक दांपत्य, तिलकनगर)

उत्तर : कोणत्या रस्त्याने जाऊ नये ते आधी सांगते. आग्रा-मुंबई महामार्ग आणि सिमरोळवरून खंडव्याकडे जाणारा रस्ता रविवारीसुद्धा ट्रकांचा असतो. तिथे नजर सतत आरशात आणि पांढऱ्या पट्टीवर ठेवावी लागते आणि आजूबाजूचे काहीही दिसत नाही. सायकलीचा रस्ता ओळखण्याची माझी खूण साधी आहे : दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकवलेल्या मोटारसायकली ज्या रस्त्याने शहराकडे येताना भेटतात, तो रस्ता आपला. त्या गावांतून येतात आणि गावांतल्या रस्त्यांनीच येतात.

तुमच्यासाठी पहिली सफर हातोद आणि यशवंतसागरची. सुपर कॉरिडॉरच्या विमानतळाकडच्या टोकापासून गांधीनगर ओलांडून हातोदचा रस्ता धरावा. शहरापासून तलाव पंचवीसएक किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन तुमच्या सवयीएवढेच अंतर. गांधीनगर मागे पडले की थोड्याच वेळात गव्हाची शेते सुरू होतात. एक अनुभव मुद्दाम घ्या : पाणी दिलेल्या गव्हाच्या कडेने जाताना हवा एकदम गार होते, आणि पुढच्या कोरड्या ढेकळांच्या शेतापाशी पुन्हा ऊबदार होते. मोटारीत बसलेल्याला हे कधीच कळणार नाही. सायकलीवर गुडघ्यांना आधी कळते. मधूनच लसणाचा उग्र वास येतो. जानेवारीच्या अखेरीस बटाट्याची काढणी चालू असते, आणि उलथलेल्या सरीत ओल्या मातीचे बटाटे ओळीने पडलेले दिसतात.

यशवंतसागर होळकरांच्या काळात गंभीर नदीवर बांधला गेला आणि इंदूरला त्याचे पाणी आजही मिळते. २०२२ मध्ये सिरपूर तलावाबरोबर त्यालाही आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. पण यादीपेक्षा सारस पाहायला जा. माणसाएवढ्या उंचीचा, राखाडी अंगाचा आणि लाल डोक्याचा हा पक्षी बहुधा जोडीने असतो, आणि उथळ पाण्यात किंवा काठच्या शेतात इतक्या संथपणे पावले टाकतो की पहिल्यांदा पाहणाऱ्याला तिथे कोणी माणसेच काम करत आहेत असे वाटते. मी त्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा मलाही तसेच वाटले होते. एका ‘माणसाने’ मान वर करून हाक दिली आणि मग उमगले. ती हाक तुतारीसारखी असते, तलावाच्या दुसऱ्या काठापर्यंत जाते. सायकल रस्त्यावरच आडवी ठेवा, शेतात शिरू नका, रंगीत जाकीट असेल तर काढून कमरेला बांधा, आणि निदान वीस मिनिटे गप्प उभे राहा. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेली बदके तलावाच्या मध्यभागी असतात, म्हणून छोटी दुर्बीण नेली तर सोने. जवळच गुलावटला बॅकवॉटरमध्ये कमळांचे तळे आहे. रविवारी दहानंतर तिथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते, तेव्हा माझ्या मते तलावाकडेच जास्त वेळ द्यावा.

दुसरी दिशा पूर्वेची : नेमावर रस्त्याने देवगुराडिया आणि पुढे खुडैल मागे टाकून कंपेल. सुरुवातीचा पट्टा वाहनांचा आहे, तो सावधपणे काढावा लागतो. कंपेलचे महत्त्व असे की इंदूर वाढण्याआधी परगण्याचे ठाणे तिथे होते आणि १७२० च्या सुमारास ते इंदुरात आले. आज गाव शांत आहे. ज्या गावापासून आपल्या शहराचा कारभार सुरू झाला तिथे स्वतःच्या पायांच्या बळावर पोहोचण्यात मला दरवेळी एक समाधान वाटते.

तिसरी सफर फेब्रुवारीसाठी राखून ठेवा, पाय तयार झाल्यावर. मोटारीला सायकली बांधून महूपर्यंत जावे आणि तिथून मंडलेश्वरच्या रस्त्याने जाम दरवाजापर्यंत सायकलीने. अहिल्याबाईंच्या कारकिर्दीत, १७९१ मध्ये उभारलेला हा दरवाजा माळव्याच्या पठाराच्या अगदी कडेवर आहे. त्याच्या कमानीतून पलीकडे पाहिले की विंध्याचा डोंगरउतार एकदम खाली तुटतो आणि निमाडचा सपाट प्रदेश धुरकट उन्हात पसरलेला दिसतो. महेश्वर आणि इंदूर यांच्यामधली ये-जा इथूनच होत असे, आणि चढून आलेल्या बैलांना इथे विसावा देताना गाडीवानांना काय वाटत असेल ते सायकलवाल्याला थोडेफार समजू शकते. उतार मोहात पाडतो. परत चढण्याची तयारी नसेल तर दरवाजाच्या खाली एकही वळण उतरू नका.

पाताळपाणीचा धबधबा बरेच जण सुचवतील. जानेवारीत त्याची बारीक धार उरलेली असते. तो पावसाळ्यासाठी ठेवावा.

जाताना वारा तोंडावर घ्यावा आणि येताना पाठीवर. निघण्याआधी एखाद्या झाडाचा शेंडा किंवा देवळावरचा झेंडा पाहिला की दिशा समजते. उलट केले तर दमलेल्या पायांना आणि घामेजल्या अंगाला परतीचा वारा फार छळतो.

प्रश्न : सायकलीवर निघताना काय खावे? पोहे-जिलबी चालेल का? (एक वाचक, लोकमान्यनगर)

उत्तर : पोहे चालतील, जिलबी परतल्यावर. खिशात गूळ-शेंगदाण्याची चिक्की किंवा तिळाचा लाडू आणि दोन केळी ठेवावीत. तहान लागली नाही तरी दर अर्ध्या तासाने चार घोट पाणी प्यावे. थंडीत तहान कळत नाही, पण घाम जातच असतो. हरभऱ्याच्या शेतापाशी सोलाणे खाण्याचा मोह होतो, तेव्हा मालकाला विचारूनच डहाळा उपटावा. विचारल्यावर मला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. पानांवरची आंब बोटांना लागते, ती आधी चाटून पाहावी. संध्याकाळी घरी तळलेले गराडू (एक कंद) करणार असाल तर दुपारचे जेवण हलके घ्या.

प्रश्न : ताई, मी ४१ वर्षांची आहे. घरात सायकल चालवणारी मी एकटीच. एका गटाबरोबर दोनदा गेले, पण ते सगळे वेगात पुढे निघून जातात आणि चहाच्या टपरीवर माझी वाट पाहत बसतात, त्याचा संकोच वाटतो. मला थांबून पाहायला आवडते. एकटीने जाऊ का? आणि गावातल्या कुत्र्यांचे काय करावे? (एक वाचक, वैशालीनगर)

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण पहिली चार वर्षे मीही त्याच संकोचात काढली. गटात मागे राहणाऱ्याला वाटते की आपण इतरांची सकाळ वाया घालवत आहोत. प्रत्यक्षात ज्या गटाला मागच्या माणसासाठी थांबावेसे वाटते तोच गावाकडे फिरण्याच्या कामाचा असतो, आणि ज्याला ताशी ३० किलोमीटरचा हिशेब पूर्ण करायचा आहे त्याने महामार्गाच्या कडेचा रुंद रस्ताच निवडलेला बरा. त्यात त्यांचेही काही चुकत नाही. त्यांची हौस वेगळी आहे. तुम्हाला गट नको, एक सोबतीण हवी. चालायला जाणाऱ्या तुमच्या ओळखीच्या बायकांपैकी एखाद्या तरी घरी, जिन्याखाली, सायकल पडून असेलच. तिची हवा तुम्ही स्वतः भरून द्या.

सोबतीण मिळेपर्यंत एकटीने जायला माझी हरकत नाही, पण काही पथ्ये पाळा. पहिल्या चार खेपा एकाच रस्त्याने, एकाच वेळेला करा. रस्ता ओळखीचा होतो तसे रस्त्यावरचे लोकही ओळखीचे होतात. टपरीवाला, शाळेचा शिपाई, पंपावरचा मुलगा यांना तुमची सायकल ठाऊक झाली की तो रस्ता एकटीचा राहत नाही. निघण्याआधी घरी रस्ता आणि परतण्याची वेळ सांगा, आणि फोन पूर्ण भरलेला ठेवा. हिवाळ्यात सहाच्या सुमारासच सूर्य मावळतो, म्हणून दुपारनंतर निघायचेच असेल तर साडेचारला जिथे असाल तिथून परत फिरा. संध्याकाळी शेतातून निघालेल्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो. एकदा धुक्यात अशीच एक उभी ट्रॉली मला चार हातांवर आल्यावर दिसली आणि मी रस्त्याखालच्या चारीत जाऊन पडले. मनगट महिनाभर दुखत होते. तेव्हापासून माझ्या सायकलीला मागे लाल दिवा दिवसाही लावलेला असतो, आणि धुके असेल तर मी घरीच दुसरा चहा करते.

कुत्र्यांचा पाठलाग मुख्यतः फिरणाऱ्या चाकाचा आणि पळणाऱ्या पायांचा असतो. वेग वाढवू नका, लाथ मारू नका. खाली उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, त्याच्या डोळ्यांत न पाहता शांतपणे चालत त्याची हद्द ओलांडा. वीस-पंचवीस पावलांनंतर बहुतेक कुत्री आपण होऊन परत फिरतात. चावा घेतलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी लस घ्यावी, यात चालढकल नको.

थांबून पाहण्याची तुमची आवड मात्र कोणासाठीही सोडू नका. गावाच्या वेशीवर थांबलात की बायका चौकशी करतील : कुठून आलात, एकट्याच का, घरी कोण कोण आहे, एवढ्या लांब सायकलीने कशासाठी? त्या प्रश्नांत आगाऊपणा नसतो, उत्तर द्यावे. हातोदच्या पुढच्या एका वस्तीवर मला पहिल्या वर्षी असेच प्रश्न विचारणाऱ्या एक आजी आता हिवाळ्यात घंटी ऐकली की फाटकापाशी येतात आणि कॅरिअरला मुळ्यांची जुडी बांधून देतात. मी जाताना त्यांच्यासाठी तिळाचे लाडू नेते. गेल्या खेपेला त्यांनी नातीला पुढे केले आणि म्हणाल्या, हिला जरा बसवून दाखव. सीट तिच्यासाठी उंच होती, म्हणून एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने तिचा दंड धरून मी तिला विहिरीपर्यंत नेऊन आणले. पुढच्या वेळी पाना बरोबर नेणार आहे, म्हणजे सीट खाली करता येईल.